रद्द झालेल्या कायद्याच्या शोधात

कोल्हापूर जिल्ह्यातील एखादी वडिलार्जित जमीन विकायला निघाली की खरेदीदाराचा वकील प्रथम सातबारा मागतो आणि त्यानंतर जुने फेरफार. सातबारा आता संगणकावर क्षणात मिळतो. फेरफारांची चळत मात्र जसजशी मागे उलगडत जाते, तसतसे तिच्यातून ‘वतन खालसा’, ‘रयतावा’, ‘नवीन शर्त’, ‘दरबार हुकुमाप्रमाणे’ असे शब्द डोकावू लागतात. हा हुकूम कोणता, तो कोणत्या कायद्याखाली निघाला आणि त्या कायद्यात नेमके काय लिहिले होते, असे प्रश्न मग उभे राहतात. कायदा कधीच रद्द झालेला असतो. पुष्कळदा तो करणारे सरकारही उरलेले नसते.

‘रद्द झालेल्या कायद्याचे आता काय घेऊन बसायचे?’ असे अशा वेळी हमखास विचारले जाते. प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याचे उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटते. कायदा रद्द झाला म्हणजे तो पुढे चालत नाही, इतकेच. तो अमलात असताना कोणाला जो हक्क मिळाला, कोणावर जी जबाबदारी आली, ती रद्द होण्याने पुसली जात नाही. केंद्रीय कायद्यांपुरते हे तत्त्व १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टाच्या कलम ६ मध्ये आहे आणि राज्याच्या कायद्यांपुरते १९०४ च्या मुंबईच्या तशाच अधिनियमाच्या कलम ७ मध्ये. नवा कायदा वेगळा हेतू स्पष्ट करीत असेल तर गोष्ट निराळी. या तत्त्वाची मर्यादा दाखवणारा एक गाजलेला निवाडा कोल्हापूरच्याच नावाने ओळखला जातो. कोल्हापूर केनशुगर वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००० साली असे ठरवले, की कलम ६ चे हे संरक्षण अधिनियम रद्द झाला तरच मिळते, अधिनियमाखालचा नियम वगळला गेला तर नव्हे. त्या निवाड्यातील काही विधानांवर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच वेगळे मत नोंदवले. आपल्या विषयापुरता बोध एवढाच, की रद्द झालेली गोष्ट मूळ अधिनियम होती, नियम होता की नुसती अधिसूचना होती, हे मूळ मजकूर हाती आल्याशिवाय सांगता येत नाही.

मजकूर शोधायला निघणारे बहुतेक जण कायद्याच्या नावापासून सुरुवात करतात. ही पहिली चूक. सुरुवात करायची ती गावापासून आणि तारखेपासून. अमुक दिवशी हे गाव कोणाच्या अमलाखाली होते?

आजचा कोल्हापूर जिल्हा म्हणजे जुने करवीर संस्थान, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. चंदगडचा भाग १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वी तो ब्रिटिश मुलूख. कुरुंदवाड ही पटवर्धनांची स्वतंत्र संस्थाने, ती १९४८ च्या मार्चमध्येच मुंबई प्रांतात विलीन झाली. इचलकरंजी, कागल, विशाळगड, बावडा, कापशी या करवीरच्या मांडलिक जहागिरी. तेथे जहागीरदाराचा आणि दरबाराचा अधिकार शेजारी शेजारी चालत असे. उलट रायबाग हा करवीरचाच मुलूख, पण विलीनीकरणानंतर तो बेळगाव जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५६ मध्ये त्या जिल्ह्याबरोबर म्हैसूर राज्यात गेला. तेथील शेतकऱ्याच्या जमिनीवर पन्नास वर्षांच्या आत दरबार, मुंबई आणि म्हैसूर अशा तीन सरकारांचे कायदे आले.

या तपशिलाने काय बिघडते, ते एका कल्पित पण अगदी साध्या उदाहरणाने पाहू. १९४३ साली दोन शेतकरी वारले. एक चंदगडकडचा, दुसरा करवीर तालुक्यातला. दोघांच्याही मागे पत्नी आणि दोन मुलगे. चंदगडच्या विधवेला हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा १९३७ चा केंद्रीय कायदा लागू होता. त्याने तिला पतीच्या मालमत्तेत मुलाबरोबरीचा हिस्सा दिला, जरी तो हयातीपुरता, मर्यादित मालकीचा असला तरी. मूळ कायदा शेतजमिनीला लागत नव्हता. ती उणीव मुंबई प्रांताने १९४२ मध्ये स्वतंत्र कायदा करून भरून काढली होती. म्हणजे १९४३ मध्ये तिचा हिस्सा शेतातही ठरला. पुढे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम आला आणि त्याच्या कलम १४ ने तिची मर्यादित मालकी पूर्ण मालकीत बदलली. करवीरच्या विधवेला ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा आपोआप लागू नव्हता. तेथे पाहावे लागते ते हे, की त्या तारखेस दरबारने तसा कायदा स्वीकारला होता का, कोणत्या फेरफारांसह, आणि शेतजमिनीपर्यंत तो पोहोचत होता का. तो नसेल, तर एकत्र कुटुंबातील विधवेला जुन्या धर्मशास्त्राप्रमाणे पोटगीपुरताच हक्क. आज त्या बाईच्या लेकींची मुले हिस्सा मागत कोर्टात उभी राहिली, तर त्यांचा दावा उभा राहणार की पडणार, हे ऐंशी वर्षांपूर्वीच्या राजपत्रातील पानावर पुष्कळसे अवलंबून असते.

याच उदाहरणात शोधकाला चकवणारी एक गंमतही आहे. १९३७ चा कायदा १९५६ च्या अधिनियमाने रद्द केला, तो कलम ३१ अन्वये. आजच्या कोणत्याही छापील प्रतीत कलम ३१ उघडून पाहा. तेथे रद्द केलेल्या कायद्याचे नाव नाही; ते कलमच १९६० च्या निरसन व सुधारणा अधिनियमाने काढून टाकलेले आहे, एवढी नोंद आहे. कायदा रद्द करणारे कलम आपले काम करून झाले की तेही निरुपयोगी ठरवून कापले जाते. रद्द करणारे कलम रद्द झाले म्हणून जुना कायदा पुन्हा जिवंत होत नाही, हे खरे. पण तो कधी आणि कशाने गेला याचा माग मात्र चालू आवृत्तीतून नाहीसा होतो. म्हणून चालू आवृत्ती ही शोधाची सुरुवात असू शकते, शेवट नव्हे. १९५६ मध्ये छापलेली प्रत पाहावी लागते.

करवीरच्या बाबतीत १९४९–५० हा काळ सर्वांत गुंतागुंतीचा. १ मार्च १९४९ रोजी मुंबई सरकारने संस्थानचा कारभार हाती घेतला. त्या दिवशी संस्थानी कायदे एकदम संपले असे समजणे चूक आहे. काही मुंबईचे कायदे १९४७ च्या एक्स्ट्रा-प्रोव्हिन्शियल ज्युरिस्डिक्शन ॲक्टाखालील आदेशांनी लागू झाले, बाकीचे दरबारी कायदे तसेच चालत राहिले. १ ऑगस्ट १९४९ पासून हा प्रदेश मुंबई प्रांताचाच भाग म्हणून चालवला जाऊ लागला. १ जानेवारी १९५० पासून विलीन संस्थानांसाठीच्या १९४९ च्या अधिनियमाने केंद्रीय कायदे येथे आले, आणि मुंबईचे कायदे लागू करण्यासाठी १९५० चा मुंबई अधिनियम क्रमांक ४ झाला. वर्षभरात जमिनीखालचा कायद्याचा थर चार वेळा हलला. एखादे खरेदीखत एप्रिल १९४९ चे आहे की एप्रिल १९५० चे, एवढ्यावरूनही त्याला लागू होणारा कायदा बदलू शकतो.

वतनांचा विषय याहून खोल आहे, आणि कोल्हापूरकरांना तो अधिक जवळचाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी महार वतनांविषयी हुकूम निघाला आणि वेठीला बांधलेल्या त्या जमिनी रयतावा करण्याची वाट उघडली गेली. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा, तो १ मे १९५१ पासून अमलात आला. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा १९५८ चा, तो १ ऑगस्ट १९५९ पासून. आणि पाटीलकी गेली ती १ जानेवारी १९६३ रोजी. कोल्हापूर दरबार आणि मुंबई सरकार यांच्यामध्ये महार वतनांच्या बाबतीत चाळीस वर्षांचे अंतर आहे.

या अंतराला आज पैशात किंमत आहे. १९५८ च्या कायद्याखाली वतनदाराला परत मिळालेली जमीन, वकिलांच्या भाषेत रिग्रँट झालेली जमीन, जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. ती ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून नोंदली जाते आणि गाव नमुना १-क मध्ये दिसते. १९१८ नंतर दरबारच्या हुकुमाने रीतसर रयतावा झालेली जमीन मुळात वतनच उरली नसेल, तर १९५८ चा कायदा तिला लागण्याचे कारण नाही. मग तिच्यावर ‘वर्ग २’ चा शेरा कसा, असा प्रश्न वारसांना विचारता येतो. पण तो नुसता विचारून भागत नाही. महाराजांनी वतने रद्द केली होती हे शालेय पुस्तकातले वाक्य महसूल अधिकाऱ्यापुढे पुरावा होत नाही. हुकमाचा पूर्ण मजकूर हवा, तो पुढे कोणी बदलला किंवा मागे घेतला का हे तपासायला हवे, आणि मुख्य म्हणजे त्या विशिष्ट गट क्रमांकाच्या जमिनीबाबत त्याची अंमलबजावणी झाल्याची नोंद हवी. सरसकट हुकूम आणि प्रत्यक्ष नोंद यांत फार अंतर असते. बहुतेक दावे या अंतरातच अडकतात.

वतनांच्या जुन्या कायद्यात स्त्रियांचे काय होते, हेही मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही. ब्रिटिश मुलखात १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा होता. त्यात १८८६ च्या मुंबई अधिनियम क्रमांक ५ ने अशी तरतूद आणली, की शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा सोडली तर वतनदार घराण्यातील कोणतीही स्त्री त्या घराण्यातील पुरुषांच्या मागे उभी राहील. सख्ख्या मुलीच्या आधी दूरचा भाऊबंद, असा याचा सरळ अर्थ. ही तरतूद वतनाबरोबर गेली, तरी १९५१ पूर्वी उघडलेल्या वारशाला ती लागू होतीच. उलट दिशेचेही उदाहरण आहे. ज्येष्ठाधिकाराने एकाच शाखेकडे चालत आलेली वतनी जमीन वतन रद्द होऊन रिग्रँट झाली, की ज्येष्ठाधिकार संपतो आणि ती एकत्र कुटुंबाची म्हणून वाटणीस पात्र ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये कुंदगोळ देशगतीच्या नागेश बिस्टो देसाई प्रकरणात सांगितले. तो निवाडा वाचताना लक्षात येते की न्यायालयाला जुन्या आणि नव्या, दोन्ही कायद्यांची कलमे शेजारी ठेवूनच निर्णय करावा लागला.

आता मजकूर मिळतो कोठे?

मुंबई सरकारच्या कायद्यांचा माग सर्वांत सोपा. अधिनियम राजपत्राच्या भाग चारमध्ये छापला जाई आणि विधेयक त्याच्या उद्देश व कारणांसह भाग पाचमध्ये. ‘बॉम्बे कोड’ या सरकारी संग्रहाच्या तळटिपांत राजपत्राचे वर्ष, भाग आणि पान दिलेले असते. त्या टिपा म्हणजे शोधकाला मिळालेला आयता नकाशाच. केंद्रीय कायद्यांसाठी ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर रद्द अधिनियमांचा वेगळा विभाग आहे. ब्रिटिश काळातील संग्रहांचे खंड इंटरनेट अर्काइव्हवर चाळता येतात. अशा खंडाच्या पहिल्या पानावर ‘अमुक तारखेपर्यंत सुधारित’ असे लिहिलेले असते, ते आधी वाचावे. आपली तारीख त्या तारखेच्या मागची आहे की पुढची, यावर खंडाचा उपयोग ठरतो.

नावाचा एक खोडा येथे येतो. २०१२ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने राज्यातील अनेक अधिनियमांच्या नावातला ‘मुंबई’ शब्द जाऊन ‘महाराष्ट्र’ आला. १९४८ चा मुंबईचा कूळकायदा आता महाराष्ट्राच्या नावाने छापला जातो. मात्र जुने निवाडे, जुने फेरफार आणि जुनी टीकापुस्तके यांत तो मुंबईच्याच नावाने आहे. म्हणून नावापेक्षा वर्ष व क्रमांक जपून ठेवावा. ‘१९४८ चा अधिनियम ६७’ ही ओळख नाव बदलले तरी बदलत नाही.

संस्थानी कायद्यांची वाट मात्र कागदाचीच आहे. दरबारचे वटहुकूम, जाहीरनामे, नेमणुका ‘करवीर सरकारचे गॅझेट’ या नावाच्या राजपत्रातून प्रसिद्ध होत. निम्म्या नोकऱ्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा आदेश त्यातलाच. कोल्हापुरात राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे पुराभिलेखागार आहे आणि संस्थानी दप्तराचा शोध तेथून सुरू करणे शहाणपणाचे. १८५० मध्ये स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर, शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आणि संस्थानकाळात १९३३ मध्ये साइक्स लॉ कॉलेज म्हणून सुरू झालेले शहाजी विधी महाविद्यालय यांच्याकडेही चौकशी करावी. विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्राने शाहू महाराजांच्या कागदपत्रांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. १९२० साली अनौरस संतती व जोगतिणी यांच्या वारसाहक्कासंबंधी करवीरमध्ये झालेल्या कायद्यासारखा विषय असेल, तर शाहूकालीन हुकमांचे छापील संग्रह आधी पाहावेत आणि मग मूळ गॅझेट. संग्रहातील प्रत अभ्यासाला पुरते, कोर्टाला पुरेलच असे नाही.

दप्तरात शिरताना दोन गोष्टींची तयारी हवी. पहिली लिपीची: छापील गॅझेट वाचता आले तरी त्यामागची फाईल, इनामाची नोंद, गावचा जुना कागद मोडीत असतो. मोडी वाचणाऱ्याला सोबत घेतल्याशिवाय तेथे दिवस फुकट जातो. दुसरी सनाची. महसुली कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण हे वर्ष मृगाच्या सुमारास, जूनमध्ये सुरू होत असल्याने पुढच्या जानेवारीपासून ५९१ मिळवावे लागतात. फसली १३२८ म्हणजे जून १९१८ ते जून १९१९. सुहूर सन असेल तर ५९९ अथवा ६००. जी तारीख कायद्याच्या अंमलाच्या आसपासची असते, तिथे हे एक वर्ष दाव्याचा निकाल फिरवू शकते.

हा सारा खटाटोप फक्त शेतीवाल्यांचा आहे असे शहरातील सदनिकाधारकाने समजू नये. नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ चा. संसदेने १९९९ मध्ये तो रद्द करणारा कायदा केला, आणि महाराष्ट्राने ते निरसन २९ नोव्हेंबर २००७ पासून स्वीकारले. तरीही कलम २० खाली सूट घेऊन बांधलेल्या योजनांवरच्या अटींचे काय, हा वाद त्यानंतरही चालू राहिला आणि २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापर्यंत गेला. निरसनाने त्या अटी आपोआप संपत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष. कोल्हापूर हे या कायद्याच्या कक्षेतले शहर होते. मिळकत पत्रिकेवर त्या काळातला एखादा शेरा असेल, तर १९७६ च्या कायद्याचे कलम आणि त्याखालचा मूळ सूट-आदेश दोन्ही काढून वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

अशी अडचण आपल्याच वाट्याला आली असे नाही. आयर्लंडमध्ये २००९ च्या जमीन व हस्तांतरण सुधारणा अधिनियमाने तेराव्या शतकातल्या इंग्रज राजांच्या कायद्यांपासूनचे जुने जमीनकायदे मोडीत काढले. पण त्याआधी, २००७ मध्ये, स्वातंत्र्यपूर्व कायद्यांची छाननी करून ३,२२५ कायदे रद्द करताना कोणते ठेवले याचीही यादी कायद्यालाच जोडली गेली. आधी मोजदाद, मग निरोप. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१४ नंतर सुमारे दीड हजार कालबाह्य कायदे रद्द केले आणि त्याचे कौतुकही झाले. संस्थानी राजपत्रांची वर्षवार विषयसूची करणे हे तितके गाजणारे काम नाही. जमीनमालकाच्या आणि वकिलाच्या मात्र ते फार उपयोगाचे आहे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर खंडपीठाचे, म्हणजे सर्किट बेंचचे, काम सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे आता येथे चालतात. या पट्ट्यात सांगली, मिरज, जत, अक्कलकोट, फलटण, सावंतवाडी अशी कितीतरी जुनी संस्थाने येतात. न्यायालय देशातील अमलात असलेल्या कायद्यांची दखल स्वतःहून घेते. दरबारचा वटहुकूम मात्र न्यायाधीशांच्या टेबलावर नसतो. तो पक्षकारानेच आणून दाखवायचा असतो. सरकारी अधिकाराने छापलेले राजपत्र आणि त्याची प्रमाणित प्रत यांना पुराव्यात मान आहे. खासगी लेखकाच्या टीकापुस्तकातला उतारा वाट दाखवतो, पण त्यावर विसंबू नये; एखादा ‘परंतु’ गाळलेला असला तरी अर्थ उलटतो.

तेव्हा पुराभिलेखागारात अर्ज करताना ‘वतन रद्द झाल्याचा कायदा मिळावा’ असे मोघम लिहू नये. गाव, तेव्हाचा पेटा किंवा जहागीर, जुना सर्व्हे नंबर, फेरफाराचा क्रमांक व तारीख, त्यात उल्लेखिलेल्या हुकमाचा जावक क्रमांक आणि सन फसली की इसवी, एवढे लिहून द्यावे. हुकमाची प्रत मिळाली की त्याच बैठकीत पुढच्या दोन-तीन वर्षांची गॅझेटेही मागून घ्यावीत, कारण दुरुस्ती बहुधा तेथेच सापडते. गावचा गाव नमुना ३, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, तहसील कचेरीतून आधीच काढून नेलेली बरी.